जबाबदार व्यक्ती: एनित बोनिफास

एनित बोनिफासला परदेशातून पहिला फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उकडलेला मका सोलत बसली होती. पलीकडे पॅराग्वेतला कुणी शेतकरी होता आणि तो चांगलाच तापलेला होता. आमची नदी तुम्ही कुंपणाच्या भलत्या बाजूनं का नेलीत, असं तो विचारत होता. एनितनं पॅराग्वे जन्मात पाहिला नव्हता. बाबा रे, माझा नंबर तुला कुणी दिला, असं तिनं शांतपणे विचारलं. तो म्हणाला, कुणी कशाला द्यायला हवा, सरकारी नकाशावर बोट ठेवलं की दिसतो. जबाबदार व्यक्ती, एनित बोनिफास, रिओबांबा, इक्वेडोर, आणि खाली मोबाइल.

हात पुसून तिनं संगणक उघडला. पॅराग्वेच्या नदीवर खरंच तिचं नाव होतं. मग तिनं बोलिव्हियाची जंगलं उघडली, पेरूमधल्या विहिरी उघडल्या, होंडुरासमधल्या दरडी उघडल्या. सगळीकडे हीच बाई. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

दोष तिचा होता, आणि नव्हताही. तिचे वडील आमच्या जुन्या रेल्वेत ब्रेक आवळायचे. त्या काळी घाटात रुळांच्या प्रत्येक तुकड्याला एका माणसाचं नाव असायचं, फळीवर रंगवलेलं. दगड पडला, रूळ वाकला, तर कुणाच्या दाराशी जायचं हे शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक असायचं. एनित त्या फळ्या वाचत वाचतच वाचायला शिकली. पुढे ती इंजिनिअर झाली, विद्यापीठात लागली, नवरा माद्रिदला कामाला गेला तो गेलाच, आणि मूलबाळ नसल्यामुळे सगळा जीव तिनं एका अभ्यासक्रमात ओतला. युरोपातली तीन विद्यापीठं आणि आपल्याकडच्या सात देशांतली सात, अशांनी मिळून तो उभा केला होता. जमिनीची माहिती नकाशात कशी बांधायची आणि एका देशाचे नकाशे दुसऱ्याच्या नकाशांना जोडून सगळ्यांचं मिळून एक भांडार कसं करायचं, हे त्यात दोन वर्षं शिकवायचे.

युरोपातल्या प्राध्यापकांनी सरावाची पुस्तिका आणली होती. तिच्यात बर्फाची खोली मोजायची होती. एनित भर बैठकीत म्हणाली की आमच्याकडे बर्फ चिंबोरासो डोंगराच्या डोक्यावर असतो आणि तिथे कुणी राहत नाही, आमची माणसं डोंगराच्या पोटाशी राहतात. ते गोरे लोक सभ्य होते, हसले, आणि मग तूच लिही म्हणाले. तिनं लिहिली. वर्षभर रात्रीचा दिवस करून लिहिली, आणि ती सातही देशांत लागली.

त्या पुस्तिकेतला एक धडा तिचा लाडका. नकाशाचा जन्मदाखला, असं ती त्याला म्हणायची. नकाशा कुणी केला, कधी केला, कशावरून केला, आणि चुकला तर कुणाला विचारायचं. ही शेवटची जागा रिकामी ठेवली तर काम जतनच होणार नाही, अशी तिनं संगणकात सोय करून ठेवली होती. बेवारस नकाशा मला चालणार नाही, असं ती दर वर्षी वर्गाला बजावायची. आणि नमुना म्हणून त्या जागेत तिनं स्वतःचं नाव आणि मोबाइल घालून ठेवला होता.

आता आपल्या लोकांना नमुना दिला की काय होतं हे सांगायला नको. एकदा पास झालेल्या कागदाला हात लावायचा नाही, ही आपली सातही देशांची एकच रीत. पोरांनी नद्या बदलल्या, जंगलं बदलली, तारखा बदलल्या, पण त्या नावाला कुणी धक्का लावला नाही. पुढे ती पोरं आपापल्या देशात नगरपालिकांत, मंत्रालयांत लागली आणि तोच साचा सोबत घेऊन गेली. त्यात एनितनं हौसेनं आणखी एक गोष्ट केलेली. ते नाव प्रत्येक नकाशात वेगळं लिहिलेलं नव्हतं. ते एकाच कार्डावर होतं, आणि ते कार्ड तिच्या खात्यातल्या जिन्याखालच्या संगणकात होतं. सगळे नकाशे ते तिथून वाचायचे.

तिनं तेव्हाच ते निस्तरायला हवं होतं. मैत्रिणींनी सांगितलंही. पण फोन येत राहिले आणि तिला त्यांची सवय झाली. पॅराग्वेच्या शेतकऱ्याची नदी तिनं पाठपुरावा करून सरळ करवून घेतली. तो दर नाताळात शुभेच्छा पाठवू लागला.

आणि मग पास्कुआला होती. डोन्या पास्कुआला ग्वामान (वयस्कर बाईला आमच्याकडे मानानं डोन्या म्हणतात, बाप्याला डॉन), आमच्याच प्रांतात वर चाकापांबाच्या वस्तीवर राहायची. डोंगराच्या उतारावर चार घरं, खाली वालाच्या शेंगांचं शेत. पास्कुआलाला लिहितावाचता येत नव्हतं आणि स्वतःचा फोनही नव्हता. पावसाळा लागला की ती कुणाचा तरी फोन मागून घ्यायची, नात धोक्याच्या जागा लाल दाखवणारा सरकारचा दरडींचा नकाशा उघडायची आणि त्यावरचा नंबर लावून द्यायची. दर वर्षी नव्यानं. म्हातारी विचारायची, इंजिनेरबाई, माये, यंदा माझं घर लाल रंगात आहे का? एनित बघून सांगायची. झऱ्याचं पाणी गढूळ झालं का, चुलीमागच्या भिंतीला चीर पडली का, असं उलट विचारायची. आणि काही वेडंवाकडं वाटलं तर आपत्ती खात्यातल्या माणसाच्या इतकं मागे लागायची की तो बिचारा नको ती बाई म्हणून गाडी काढायचा. मग एक दिवस बसच्या टपावरून वालाच्या शेंगांचं बोचकं आणि केळीच्या पानात बांधलेलं ताजं चीज यायचं. वर पत्ता काही नाही, ‘नकाशावाल्या बाईंना’ एवढंच सांगून दिलेलं.

युरोपचा पैसा कधीच आटला होता. सातातली पाच विद्यापीठं हळूहळू गळाली. एनितनं मात्र अभ्यासक्रम जिवाचं रान करून चालू ठेवला. जिन्याखालच्या संगणकावर पाऊस गळायचा म्हणून ती त्याच्यावर छत्री उघडून ठेवायची. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीही बाहेरून विद्यार्थी आले होते. त्यात होंडुरासची सुयापा मुरियो होती. तिशीची, बोलायला तिखट, तान्ह्या मुलाला आईकडे टाकून आलेली. तिच्या गावचा अर्धा डोंगर एका वादळात खाली आला होता आणि त्या उताराचा धड नकाशा तिला करायचा होता. ही पदवी घेतल्याशिवाय मला तिथली नगरपालिका दारात उभी करणार नाही, असं ती म्हणायची.

आणि त्याच वर्षी विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी परिषदेचे तपासनीस आले.

त्यांनी देशोदेशींची भांडारं उघडली, विद्यार्थ्यांची कामं शोधली, आणि निम्म्याहून जास्त कामांवर एकाच बाईचं नाव पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले. त्यांना वाटायचं तेच वाटलं. या बाईनं विद्यार्थ्यांची कामं स्वतःच्या नावावर लाटली आहेत. अभ्यासक्रमाची परवानगी तहकूब झाली. कार्निव्हलच्या आत हे निस्तरलं नाही तर ती कायमची जाईल आणि आलेल्या पोरांना परत जावं लागेल, असं कळवण्यात आलं.

पदव्युत्तर विभागाचे संचालक डॉक्टर लाउतारो दावालोस यांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण कुठल्याही गोष्टीत स्वतःचं बोट अडकणार नाही याची काळजी घेत घेतच वर गेलेला. तो म्हणाला, इन्हे (आमच्याकडे इंजिनिअरला असंच तोडून हाक मारतात), कार्ड एकच आहे ना तुमचं? मग त्यावरचं नाव पुसा आणि आमच्या कार्यालयाचं नाव आणि नंबर घाला. कुणा एकाचं नाव नको. परिषदेला हेच हवं आहे.

“आणि फोन आला तर कोण उचलणार?” एनितनं विचारलं.

“कार्यालय उचलेल.”

“कार्यालय म्हणजे कोण, डॉक्टर?”

त्यावर तो फक्त हसला. तिनं मग दुसरा मार्ग काढला. ज्यानं त्यानं आपापल्या नकाशावर आपापलं नाव घालायचं. म्हणजे आरोपही गेला आणि नकाशाला धनीही राहिला. हे तिला इतकं सोपं वाटलं की ती त्या दिवशी घरी जाताना बाजारातून भाजलेलं डुकराचं मटण घेऊन गेली आणि पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवसापासून ती फोन घेऊन बसली. पहिला फोन विल्मेर चाफ्लाला, कारण तो तिचा सगळ्यात आवडता विद्यार्थी. आता तो जवळच्याच एका नगरपालिकेत नकाशे सांभाळायचा. चाकापांबाच्या दरडींचा नकाशाही त्याचाच. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“इन्हे, जीव मागा, देतो,” तो शेवटी म्हणाला. “नाव मागू नका.”

“का रे बाबा?”

“डोंगर खाली आला की सरकारी वकील आधी नकाशा उघडतो. त्यावर विल्मेर चाफ्ला दिसला की माझी पोरं रस्त्यावर आली म्हणून समजा. तुमचं काय, तुम्ही प्राध्यापक. तुम्हाला कोण हात लावतंय?”

“म्हणजे मला आत टाकलं तर चालेल तुला.”

“तसं नाही हो इन्हे,” तो म्हणाला, पण तसंच होतं आणि ते दोघांनाही कळलं.

बाकीच्यांची तऱ्हा वेगळी नव्हती. लेनिन युपांगी आता न्यू जर्सीत फरश्या बसवत होता, नकाशा म्हटल्यावर त्याला आधी आठवेचना. पेरूमधली एक जण मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होती, तिच्या सेक्रेटरीनं दर वेळी बाई बैठकीत आहेत असं सांगितलं. बोलिव्हियाचा एक जण तयार झाला, एनितनं त्याला फोनवरच आशीर्वाद दिले, आणि दोन दिवसांनी बायको नको म्हणते म्हणून त्यानं अंग काढून घेतलं. कुणी कानावर हात ठेवले, कुणी रडलं, कुणी चक्क म्हणालं की बाई, तुमचं नाव आहे म्हणून तर आम्ही निर्धास्त झोपतो. एनित सगळ्यांच्या पाया पडली. अक्षरशः. फोनवर पाया पडता येतं तेवढी.

सुयापा रोज दारात येऊन उभी राहायची. काय झालं, विचारायची. एनित म्हणायची, होईल. सुयापा म्हणायची, इन्हे, माझा मुलगा आता मला फोनवर ओळखत नाही, तेव्हा होणार असेल तर होऊ द्या आणि नसेल तर आजच सांगा.

कार्निव्हल तोंडावर आला. गल्लीत पोरं येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर बादल्या रिकाम्या करू लागली. एनित परत दावालोसकडे गेली. कार्यालयाचा नंबर घालते, म्हणाली, पण तो फोन सुट्टीत माझ्या मोबाइलवर वळवा. तो म्हणाला, लाइन विद्यापीठाची आहे, खासगी नंबरावर वळवता येत नाही. मग कार्यालयाची किल्ली द्या, ती म्हणाली. तो म्हणाला, अर्ज करा, सुट्टीनंतर बघू. खिडकीबाहेर पाऊस होता आणि त्याची बॅग टेबलाशेजारी भरून ठेवलेली होती. तो समुद्रावर निघाला होता.

शुक्रवारी दुपारी एनित जिन्याखाली गेली, छत्री बाजूला केली आणि कार्ड उघडलं. तिच्या मनात त्या क्षणी दुसरं कुणी नव्हतं, फक्त सुयापा आणि तिच्याबरोबरची पोरं. तिनं नाव पुसलं. मोबाइल पुसला. कार्यालयाचा नंबर घातला. सात देशांतल्या नद्या, जंगलं, विहिरी आणि दरडी एका दमात तिच्या नावावरून उतरल्या. तिला वाटलं होतं हलकं वाटेल. घरी जाऊन ती न जेवताच आडवी झाली.

शनिवारी फोन आला नाही. रविवारीही नाही. बाहेर गाणी, फेस, पीठ, आरडाओरड, आणि घरात तिचा मोबाइल टेबलावर गप्प. पाऊस मात्र थांबायला तयार नव्हता. सोमवारी तिला राहवलं नाही. जिन्याखाली पाणी आलं असेल असं स्वतःला सांगून ती विद्यापीठात गेली. फाटकावर पहारेकरी डॉन अल्सिदेस एकटाच चहा पीत होता. त्यानं तिला आत सोडलं, पण म्हणाला, बाई, माझ्याकडे फक्त फाटकाची किल्ली, बाकी सगळं बंद.

संगणकाला काही झालं नव्हतं. ती छत्री नीट करत होती तेव्हा वरच्या मजल्यावर फोन वाजायला लागला.

आधी ती नुसती ऐकत राहिली. रिकाम्या इमारतीत तो आवाज फार मोठा वाटत होता. मग ती जिना चढून धावली. पदव्युत्तर विभागाच्या दाराला कुलूप होतं, दाराच्या काचेतून आतलं टेबल दिसत होतं, आणि टेबलावर तो जुना फोन वाजत होता. तिनं दार ढकललं, हँडल ओढलं. फोन थांबला. तिनं श्वास सोडला आणि तो पुन्हा वाजायला लागला. सुट्टीच्या दिवशी अभ्यासक्रमाची चौकशी करायला कुणी असा पुन्हा पुन्हा फोन करत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं मोबाइलवरून दावालोसला लावला. समुद्रावर असलेल्या माणसानं तो का उचलावा? ती दारावर मुठी मारत राहिली, जणू आतला फोनच उठून दार उघडणार होता. मग तिनं भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उचललं आणि काचेवर घातलं.

हात आत घालून, आतून कुलपाची खिटी फिरवून, कापलेल्या मनगटानं ती टेबलापर्यंत पोहोचली तेव्हा फोन थांबला होता. तिनं रिसीव्हर उचलला. नुसता गुणगुणणारा आवाज. फोन इतका जुना की कुणी केला होता ते दिसायचीही सोय नाही. ती खुर्चीत बसली आणि संध्याकाळ होईपर्यंत त्या फोनकडे बघत बसून राहिली. तो परत वाजला नाही. डॉन अल्सिदेसनं वर येऊन काचा पाहिल्या, तिचा हात पाहिला, आणि स्वतःचा रुमाल तिच्या मनगटाला बांधला.

त्या दिवशी सातातल्या निदान तीन देशांत पाऊस होता. फोन कुठूनही आलेला असू शकत होता. पण तिच्या मनात एकच चेहरा येत होता, आणि गंमत म्हणजे तो चेहरा तिनं कधी पाहिलेलाच नव्हता. मंगळवारी पहिल्या बसनं ती निघाली. रस्त्यावर माती आली होती म्हणून बस अर्ध्यावर थांबली. पुढे ती चिखलातून चढत गेली.

चाकापांबाची घरं जागेवर होती. पास्कुआलाच्या घरात मेणबत्ती जळत होती आणि तिच्यापुढे वाटीभर सातूचं पीठ ठेवलं होतं, मेलेल्यापुढे ठेवतात तसं. म्हातारीनं चिखलात माखलेल्या त्या बाईला बसवलं, गरम पाणी दिलं, आणि तुम्ही कोण म्हणून विचारलं. एनितनं नाव सांगितल्यावर तिनं आधी हात लावून बघितलं.

“मग तुम्ही मेला नाहीत?”

“नाही. असं का वाटलं तुम्हाला?”

“नातीनं नकाशा उघडला, तर तुमचं नाव नव्हतं. जिवंत माणसाचं नाव कोण पुसतं, माये? तुमच्यासाठीच लावली ही मेणबत्ती.”

“पण तिथे दुसरा नंबर होता. तो नाही लावला?”

“त्याच्यापुढे माणसाचं नाव नव्हतं,” पास्कुआला म्हणाली. “कुणाला म्हणून हाक मारायची?”

मग तिनं सहज सांगितलं की झरा शनिवारपासून गढूळ आहे. विचारायला तुम्ही नव्हता, म्हणून आम्ही सगळे आपले घरातच बसलो. एनित ताडकन उठली. चुलीमागच्या भिंतीला तिची मूठ जाईल एवढी चीर होती. तिनं त्या दिवशी म्हातारीला, नातीला, शेजारच्या सगळ्यांना, कोंबड्यांसकट, पलीकडच्या शाळेत हलवलं. कुणाला समजावलं, कुणाला शिव्या दिल्या. गुरुवारी डोंगर आला. शेंगांचं शेत आणि चुलीकडची भिंत घेऊन गेला, माणूस एकही नाही.

म्हणजे सोमवारचा फोन पास्कुआलाचा नव्हता. तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. हे परतीच्या वाटेवर तिच्या ध्यानात आलं आणि ती रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली. ज्यानं कुणी तो फोन केला होता, त्यानं नावाशिवायच्या नंबरावर भरवसा ठेवला होता. पास्कुआलानं ठेवला नव्हता, पण तिच्यापर्यंत निदान एनित पोहोचली. त्या माणसाचं काय झालं?

शुक्रवारी ती विद्यापीठात पोहोचली तेव्हा आनंदीआनंद होता. परिषदेची मंजुरी आली होती. अभ्यासक्रम वाचला होता. सुयापानं तिला मिठी मारली आणि लगेच सोडलं, कारण एनितनं तिला परत धरलं नाही. दावालोस फुटलेल्या काचेबद्दल बोलायचं टाळत होता, एवढा तो खुशीत होता. मंजुरीत एक अट होती, कार्डावर कुणा एका माणसाचं नाव पुन्हा कधी येता कामा नये, वर्षातून एकदा तपासणी होईल. एनितनं त्याला चाकापांबाचं सांगितलं, सोमवारच्या फोनचं सांगितलं, परिषदेला एकदा विचारा म्हणून हात जोडले. तो गंभीर झाला. इन्हे, तो म्हणाला, मी विचारलं तर ते सगळंच काढून घेतील. तुम्हाला अभ्यासक्रम हवा की नाव, ते तुम्हीच ठरवा.

तो तिला स्वार्थी म्हणत होता, आणि तो एकटाच नव्हता. नाव तिला मिरवायला हवं होतं, असंच पुढे सगळं खातं म्हणालं.

ती जिन्याखाली गेली आणि कार्डावर आपलं नाव परत घातलं. आपण काय मोडतो आहोत हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. ती पुस्तिका, ते वर्ग, बर्फावरून झालेली ती बैठक, सगळं आयुष्यच ती एका कार्डावर टाकून बसली होती.

महिन्याच्या आत अभ्यासक्रम बंद झाला. पोरं एकेक करून गेली. सुयापा निरोप घ्यायला आली नाही, एनितच तिच्या खोलीवर गेली. सुयापा बॅगेत कपडे कोंबत होती.

“ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याच्यासाठी तुम्ही आम्हाला बुडवलंत,” सुयापा म्हणाली. “आम्ही समोर होतो, इन्हे. आमची नावं तुम्हाला पाठ होती.”

एनितनं बसस्टँडपर्यंत बॅग उचलायला हात घातला, तो सुयापानं बाजूला केला.

आता एनितला निवृत्त होऊन काही काळ झाला. जिन्याखालचा संगणक तिनं भांडून घरी आणला आणि तो स्वयंपाकघरात, मीठमिरचीच्या शेजारी, चालू असतो. कुठल्या देशात दरड कोसळल्याची बातमी आली की ती आधी वार बघते. सोमवार होता का, कार्निव्हलचा होता का. जुन्या बातम्या तिनं चाळून चाळून संपवल्या. त्या सोमवारी तीन ठिकाणी डोंगर खाली आले होते. त्यातल्या एका ठिकाणी माणसं गेली. फोन तिथूनच आला होता असं काही नाही. नव्हता असंही नाही.

परवा पावसात फोन वाजला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला, ती तसाच उचलते. होंडुरासमधली कुणी बाई होती, दक्षिणेकडच्या खेड्यातली. मागून पावसाचा आणि लहान मुलांचा आवाज येत होता. ती म्हणाली, दरडींच्या नकाशावर तुमचं नाव आहे, हा नकाशा तुमचाच का? त्या खेड्यात एनित कधी गेली नव्हती. नकाशा करणारा कोण होता, आता कुठे आहे, तिला ठाऊक नव्हतं.

“हो, माझाच,” ती म्हणाली. “तुम्ही आत्ता कुठे उभ्या आहात ते आधी सांगा.”

बाईनं सांगितलं. एनितनं नकाशात ती जागा शोधली, झऱ्याचं विचारलं, भिंतीचं विचारलं, मुलांना घेऊन कुठल्या वाटेनं वर जायचं ते सांगितलं आणि तिथल्या नगरपालिकेत कुणाला उठवायचं तेही सांगितलं. बाईनं देव भलं करो म्हटलं. फोन ठेवायच्या आधी एनितनं तिला विचारलं, जे ती आता प्रत्येकाला विचारते.

“त्या कार्निव्हलच्या सोमवारी तुम्ही फोन केला होता का? कुणी उचलला नव्हता तेव्हा?”

“नाही,” बाई म्हणाली. “मी पहिल्यांदाच करते आहे.”

एनित बरं म्हणाली आणि तिला लवकर निघायला सांगितलं.